बकुळाबाईंची पाठवणी

२९ मे २००६, मखमलाबाद

आले बाई एकदाची माझ्या घरी.

‘माझ्या घरी’ असं लिहून बघितलं, बरं दिसतं. परत लिहिते. माझ्या घरी. कुणाला हसायचं तर हसो.

ही डायरी खताच्या कंपनीची आहे, कुंदननं दिली. प्रत्येक पानाच्या तळाला फवारणीची एकेक सूचना छापलेली आहे. आजच्या पानावर ‘वाऱ्याची दिशा पाहूनच फवारणी करावी’ असं आहे. नव्या नवरीला याहून चांगला उपदेश कोण देणार. तोंडावर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, पण इथं कुंदनच म्हणणार. इथं कोण बघायला येतंय.

काल संध्याकाळी या घरात पाऊल टाकलं. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, ते उजव्या पायानं लवंडायचं. मी घाबरून जरा जोरातच लवंडलं आणि तांदूळ पार सोफ्याखाली गेले. वाटलं, आता बोलणी बसणार. तर सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, पोरगी पहिल्याच दिवशी घरभर पसरली. सगळे हसले, मीही हसले, आणि मग आत जाऊन थोडं रडले.

माझे आईवडील मी शाळेत असतानाच गेले. विंचूरला मामाकडे वाढले. मामाचा कांद्याचा व्यापार, खाऊनपिऊन सुखी घर. मामी वाईट नाही, पण तिनं चहा दिला की तो दिल्याचं तिच्या लक्षात राहायचं. पाहुणे आले की माझी गादी त्यांना जायची. त्यात रडण्यासारखं काही नाही. पण इतकी वर्षं त्या घरात राहूनही मी पाहुण्यासारखीच जपून वावरले, फ्रिजसुद्धा विचारून उघडायचा. आज सकाळी इथला फ्रिज न विचारता उघडला. काही हवं नव्हतं. नुसता उघडला, बघितला आणि लावून टाकला.

१४ जून

घर आता पाठ झालंय. स्लॅबचं नवं घर, पुढे तुळस, मागे गुलाबाचं पॉलिहाऊस आणि त्याच्या पलीकडे झेंडू. उजाडायच्या आत फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या, आणि कुंदन टेम्पोतून बाजारात नेणार. माझ्या बोटांना काट्यांनी रांगोळी काढलीय. कुंदन म्हणतो, राणीसरकार, तुम्ही नुसतं मोजत बसा. मी म्हणते, राणी असते तर तुमच्या टेम्पोत बसले असते का.

सासरे रंगनाथ, त्यांना सगळे नाना म्हणतात. सासूबाई साळूबाई, त्यांना मी आई म्हणते. हा शब्द इतक्या वर्षांत कुणाला लावला नव्हता, आधी तोंडातून निघेना, आता दिवसभर तोच चालू असतो. नणंद रूपाली कॉलेजात आहे आणि तिला सगळ्यातलं सगळं कळतं. फुलं तोडायला भागीबाई येते, तिची जीभ कात्रीसारखी चालते. एवढंच माणूस.

आणि हो, बकुळाबाई. त्या हॉलच्या शोकेसमध्ये असतात, रूपालीची कबड्डीची ढाल आणि दिवा लागणारा ताजमहाल यांच्या मधे. गाणारी पेटी आहे ती, शिसवी लाकडाची, वर चांदीची वेल. झाकण उघडलं की आत चांदीचा इवलासा राजवाडा. त्याच्या दारात एक राजा हात पुढे करून उभा. समोरच्या अंगणात नऊवारीतली एक बाई, माझ्या करंगळीएवढी. खाली चावी भरली की पितळी नळकांडं फिरतं, त्यावरचे खिळे पोलादी फणीचे दात छेडतात आणि सूर निघतात. बाई खाचेतून सरकत सरकत दारापर्यंत जाते, राजाच्या हाताला हात लागणार, तेवढ्यात गर्रकन वळते आणि परत अंगणाच्या टोकाला येते. पुन्हा निघते, पुन्हा वळते. गाणंही असंच, चढत जातं आणि मधेच थांबतं, पुढचं विसरल्यासारखं.

आल्या-गेल्याला ही गोष्ट सांगणं नानांचं ठरलेलं काम आहे. देवझरी संस्थानच्या राजेसाहेबांचा बकुळाबाईंवर जीव जडला. बाई गाणाऱ्या घरातल्या, वाड्यातली माणसं त्यांना आत घेईनात. मग राजेसाहेबांनी नाशिकबाहेर त्यांना बंगला बांधून दिला, गुलाबांची बाग लावली. नानांचे वडील भिमाजी त्या बागेचे माळी. बाईंना सगळं मिळालं, दागिने, बग्गी, नोकरचाकर. फक्त वाड्याचा उंबरा मिळाला नाही. दर गौरीगणपतीला त्या विचारायच्या, यंदा नेणार ना मला घरी. राजेसाहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी. शेवटी राजेसाहेबांनी स्वतः गाण्याची चाल बांधली, ती कागदावर उतरवून परदेशात पाठवली आणि ही पेटी करून मागवली. बाईंनी त्या बंगल्यातच डोळे मिटले. पुढे बंगला विकला तेव्हा वारसांनी सगळं उचललं, पण तिची वस्तू वाड्यात नको म्हणून पेटी टाकून दिली. भिमाजींनी ती फुलांच्या पाटीत घालून मागच्या दारानं घरी आणली.

रूपाली म्हणते काय ते प्रेम. मला तर राजाचा रागच आला. खऱ्या वाड्यात नाही तर नाही, पेटीतल्या वाड्यात तरी आत घ्यायचं होतंस की बाबा. तिथंही दारातूनच वळवलीस. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. नाना जेवायला गेल्यावर मी पदरानं पेटी पुसून ठेवली.

३१ ऑगस्ट

आज आमच्याकडे गौरी आल्या. पाय मोडलेत, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

माझी पहिली गौर, म्हणून आईंनी पावलं मला काढायला सांगितली. तुळशीपासून थेट आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं, मग स्वयंपाकघर, कोठी, नानांची खोली, आमची खोली. गौराई माहेराला येते, तिला सगळं घर हिंडवून दाखवायचं असतं. मामीकडे गौरी नव्हत्या, मी हे सगळं पहिल्यांदाच करत होते.

आईंनी थोरलीचा मुखवटा घेतला, रूपालीनं धाकटीचा. मी पुढे चालायचं होतं, रूपालीनं टेपवर सनई लावून ठेवलेली. आणि नेमके तेव्हाच लाईट गेले. लोडशेडिंगची वेळ पुढे ढकलली होती म्हणे, ढकलून बरोबर आमच्या गौरीवर आणली. नाना बाहेर महावितरणच्या नावानं बोटं मोडायला लागले. गौराई काय मुकीच आणायची? मला सुचलं. पळत जाऊन पेटी आणली, चावी भरली, झाकण उघडून छातीशी धरली आणि निघाले. आई म्हणाल्या, हुशार गं माझी बाय.

दारात भागीबाईनं पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. थोरलीला हळदकुंकू लावलं, धाकटीला लावलं. मग पेटीत डोकावून हसली आणि हिला तरी कशाला उपाशी ठेवायची म्हणत बोटाच्या टोकानं त्या बाईलाही लावलं. अगदी टिकलीभर.

मग खोल्या हिंडलो. आई प्रत्येक खोलीत विचारायच्या, कोण आलं, आणि आम्ही म्हणायचो, गौराई आली. आईंनी कणगी दाखवली, चूल दाखवली. आमच्या खोलीत पलंग दाखवला, कपाट दाखवलं आणि म्हणाल्या, हे सगळं तुझंच आहे बाई, सुखानं नांद. मी पेटी जराशी उंच धरली, बकुळाबाईंना दिसावं म्हणून. वेडेपणा खरा, पण मला फार बरं वाटलं. आपल्याला मिळालं तसं कुणालातरी दिल्यासारखं.

पेटी गौरींपुढे आराशीत ठेवली. गाणं संपलं तेव्हा बघितलं, तर बाई दारापाशी थांबलेली. वळलीच नव्हती. चावी संपली असणार.

२ सप्टेंबर

गौरी गेल्या. कालची पुरणपोळी, आंबील आणि बायकांची रीघ यात कंबरडं मोडलं. आज त्यांच्या हातावर दही घातलं, वाटेला कानवले दिले, ओटी भरली, अक्षता टाकल्या. अक्षता पडल्या की मुखवटा जागचा जरा हलवायचा, म्हणजे ती निघाली. लेक सासरी गेल्यासारखं आईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंदननं आरास आवरली, पेटी शोकेसमध्ये ठेवून दिली. मी पावलं पुसली. सगळी गेली, फक्त आमच्या खोलीकडे जाणारी अजून पुसट दिसताहेत. फरशीत कुंकू मुरलं असेल.

९ सप्टेंबर

दुपारी लाईट गेले, पंखे थांबले, आणि हॉलमध्ये पेटी आजही वाजायला लागली. कुणी हात लावला नव्हता. कुंदन म्हणाला, स्प्रिंगमध्ये दम उरलेला असतो. असेल. पण गणपतीपासून दर लोडशेडिंगला दम कसा उरतो?

आणि गाणं आता मधे थांबत नाही. पुढे जातं.

कुंदन फुलांना भाव नाही म्हणून वैतागलेला आहे, पितरांच्या पंधरवड्यात कोण हार घालतंय. त्याच्याशी जास्त बोलले नाही. भागीबाईनं सकाळी विचारलं, तुमच्या जाऊबाई कधी आल्या? तुळशीला पाणी घालत होत्या, हिरवी नऊवारी, लय देखण्या हायेत. मी म्हटलं, अगं, कुंदन एकुलते एक, मला जाऊ कुठून येणार. ती म्हणाली, मग मला काय डोळे नाहीत होय?

आमच्या खोलीकडची पावलं रोज पुसते. रोज सकाळी असतात. आणि मी काढताना सगळी आत येणारी काढली होती, ती सगळी आतच येताहेत. बाहेर जाणारं एक नाही.

१२ सप्टेंबर

पेटी उघडली. अंगण रिकामं. बाई दाराच्या आत, राजाच्या शेजारी. त्याचा हात तिच्या हातात.

नानांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, मग? ती पहिल्यापासून तशीच आहे. मी म्हटलं, नाना, तुम्हीच सांगता ना, दारातून वळते म्हणून. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, अगं, राजानं तिला हातानं धरून आत नेली, तीच तर गोष्ट आहे. कुंदनही तेच म्हणाला. रूपालीही. मला वाटलं, माझी मस्करी करताहेत. कुणीच हसलं नाही.

१४ सप्टेंबर

स्वयंपाकघरात जाते तर कणीक मळलेली असते. भाजी चिरलेली असते. आई म्हणतात, किती गं करतेस. मी केलेलं नसतं. पहिल्यांदा वाटलं रूपालीनं केलं असेल, पण ती कॉलेजात.

आज भाकरी करायला बसले तर आईंनी हात धरून उठवलं. म्हणाल्या, तुम्ही कशाला करता, बसा बाहेर, चहा पाठवते.

तुम्ही.

मी म्हटलं, आई, असं काय बोलता. त्या हसल्या, पाहुण्याकडे बघून हसतात तसं. चहा आला. कपाखाली बशी होती. या घरात घरच्यांना कुणी बशीसकट चहा देत नाही.

१६ सप्टेंबर

मला कळलं काय झालंय. देवा, इतकं साधं आहे.

देवळात जाते म्हणून सांगितलं आणि पंचवटीत आमच्या गुरुजींकडे गेले. सगळं नाही सांगितलं, वेडी ठरवतील. एवढंच विचारलं की गौरीबरोबर चुकून आणखी कुणाला आत आणलं, खोल्या दाखवल्या, हे तुझंच घर म्हटलं आणि जायच्या दिवशी तिच्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या, तर काय? ते आधी हसले. मग म्हणाले, ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यावाच लागतो. नाही दिला तर ते पाहुणं नाही राहत, घरचंच होतं.

मी विचारलं, आता देता येईल का. ते म्हणाले, गौर मूळ नक्षत्रावर जाते, आणि मूळ दर महिन्याला येतं. पण निरोप घरातल्या बाईनं द्यायचा, घरच्यांनी मिळून द्यायचा. एकट्यानं चोरून नाही.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. मूळ आहे २९ तारखेला, नवरात्रात. तोवर धीर धरायचा. मीच तिला आत आणली, माझ्याच हातानं. मला तिचा राग येत नाही, खरंच. तिला घर हवं होतं. पण हे माझं आहे.

१९ सप्टेंबर

आईंना सांगितलं. सकाळपासून शब्द जुळवत होते. म्हटलं, आई, गौरीबरोबर आपल्याकडे एक पाहुणी आली, तिची पाठवणी राहिली. मूळ नक्षत्र आहे २९ ला, तेव्हा करू या का?

कोण पाहुणी, असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, मलाही रोज तेच वाटतंय बघा. फार दिवस झाले. मनात आणलं तर माणूस स्वतःहून निघतं, पण काहींना कळत नाही. मग म्हणाल्या, मानानं करू, काही कमी पडू द्यायचं नाही. कानवले करू, चांगली साडी देऊ.

मी त्यांच्या पायाच पडले. इतकं हलकं वाटलं. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, तुम्ही पाया पडू नका हो.

२३ सप्टेंबर

घट बसले. मला बसवू दिले नाहीत. माती, धान्य, माळ, सगळं तयार होतं. कुणी केलं विचारलं तर रूपाली म्हणाली, वहिनीनं. माझ्याकडे बघून म्हणाली, वहिनीनं केलं.

कुंदन बाजारातून आला. माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून एक गुलाब बाजूला काढतो, आज गुलाब घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला. आतून त्याचं हसणं ऐकू आलं. काहीतरी राणीसरकार म्हणत होता.

बाहेर आल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नमस्कार केला. म्हणाला, अहो, काही हवं नको तर सांगा हं, लाजू नका.

अहो. मला.

मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, मी दीपमाला आहे, तुमची बायको आहे. तो इतका ओशाळला की मलाच लाज वाटली. नाना मधे पडले. म्हणाले, पाहुण्या आहेत, दमल्या असतील.

२५ सप्टेंबर

मामाला फोन केला. मामीनं उचलला. मी म्हटलं, मामी, मला न्यायला या, दोन दिवसांसाठी. ती म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं दीपमाला. ती म्हणाली, चेष्टा करता का बाई, आमची दीपमाला आत्ताच बोलली, सुखात आहे पोरगी. आवाज पण काय गोड झालाय तिचा, गाणं म्हटल्यासारखा.

फोन ठेवला.

मग पेटी उचलली. निरोपबिरोप नको, सरळ गोदावरीत टाकून येते. पदराखाली घेऊन फाटकापर्यंत गेले. भागीबाईनं बघितलं. तिनं पेटी माझ्या हातातून काढून घेतली, हळूच, आवाज न करता. म्हणाली, असं करू नये ताई. आलेल्या माणसानं घरातली वस्तू नेऊ नये.

चोर समजली मला. मामीकडे एकदा वाटी हरवली होती, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं होतं. तसंच बघत होती.

२६ सप्टेंबर

कपाटात माझ्या साड्या नाहीत. हिरवी नऊवारी, जांभळी नऊवारी, कापराचा वास. माझ्या साड्या बॅगेत भरलेल्या आहेत, नीट घडी घालून. बॅग हॉलमध्ये, दाराशी.

निघून जाऊ का? पण मग तर — मग झालंच. स्वतःच्या पायानं गेले तर कुणाचं घर राहिलं? मी नाही जाणार. २९ ला तिची पाठवणी होणार आहे. आईंनी कबूल केलंय. दोन-तीन दिवस काढायचे.

२७ सप्टेंबर

लाईट गेले. पेटी वाजतेय. गाणं आता पुरं होतं, अगदी शेवटपर्यंत. फार सुंदर आहे. आत कुणीतरी त्याबरोबर गुणगुणतंय आणि भाकऱ्या थापतंय.

बघायचं नव्हतं तरी पेटी उघडली. राजवाड्याच्या दारात आता कुणीच नाही, दार लावून घेतलंय. अंगणाच्या टोकाला एक बाई उभी आहे. नऊवारीतली नाही. सहावारी, आंब्याच्या रंगाची, मी गौरीत नेसले होते तशीच. पाठमोरी आहे. तोंड बघायला पेटी फिरवावी लागेल.

नाही फिरवली.

२८ सप्टेंबर

तळणाचा वास. कानवले चाललेत. आई खिडकीतून बोलल्या, उद्या सकाळी लवकर आवरा हं, मुहूर्त चांगला आहे.

आरशात माझ्या कपाळाला कुंकू आहे, बोटाच्या टोकानं लावल्यासारखं. टिकलीभर. मी लावलं नाही. पुसलं तर जात नाही.

आई कुणाची पाठवणी करताहेत? मीच सांगितलं त्यांना. मीच म्हटलं, पाहुणी. नाव का नाही घेतलं मी. नाव घ्यायला —

कुंदनला सांगायला गेले. पायरीवर बसून पेपर वाचत होता. त्याच्या शेजारी बसले. तो उठून उभा राहिला, बायकांशी बोलताना उभा राहतो तसा. म्हटलं, मला फ्रिज उघडू द्या. एवढंच निघालं तोंडातून. तो म्हणाला, काय हवंय, मी आणून देतो ना.

२९ सप्टेंबर

पाटावर बसवलंय. गौरी बसल्या होत्या त्याच जागी. डायरी पदराखाली आहे, आई आत गेल्यात तेवढ्यात लिहितेय.

पाय हलत नाहीत. बधिर नाहीत, दुखतात, पण हलत नाहीत. मघाशी उठायला गेले तर सरळ उठता येईना, नुसती जागच्या जागी गर्रकन —

रूपालीनं ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. डोळे पुसत होती. मी तिला हाक मारली. तिनं मान वर केली आणि माझ्या मागं बघितलं, म्हणाली, वहिनी, दही आण गं.

कुणीतरी आलं. पैंजण. कापूर. तोंड नाही बघितलं. हात बघितला, बांगड्या भरलेला, पिठाचा हात. माझ्या घरातलं पीठ. तिनं माझ्या तळहातावर दही ठेवलं. उजव्या. म्हणून हे डाव्या हातानं. फार हळू ठेवलं, सांडू नये म्हणून. तिलाही माझं वाईट वाटत असेल.

दारापासून इथपर्यंत पावलं काढलीत. बाहेर जाणारी आहेत. आता बाहेर जाणारी आहेत.

आई म्हणताहेत, या हं परत. निघताना ‘येते’ म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. जीभ दाताखाली धरलीय. म्हटलं की संपलं. मी म्हणणार नाही, आई, मी इथली आहे, मी माप लवंडलंय, तांदूळ सोफ्याखाली गेले होते, तुम्ही म्हणालात घरभर —

लाईट गेले. पेटी सुरू झाली. मधेच थांबतेय आता. पुढचं विसरल्यासारखी.

सगळे उभे राहिले. कुंदन पण. मुठी भरलेल्या आहेत. अक्षता केसात, डोळ्यांत, पानावर

आई वाकल्या. दोन्ही हातांनी पाट धरला. पाट जरासा हल